जपानी तलवारीचा चुकीचा परीक्षण अहवाल व नाकागोचे नुकसान याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
पुरातन शस्त्र मूल्यांकन विभाग

महोदय,

परीक्षणासाठी दिलेली तलवार आणि आपले प्रमाणपत्र, दोन्ही मिळाले. प्रमाणपत्र रद्द करता येईल. नाकागोवर, म्हणजे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर, तारेचा ब्रश फिरवला आहे, त्याचे काय करणार ते आधी सांगा.

जपानी पात्याला पॉलिश करतात, तेल लावतात. नाकागोला हात लावत नाहीत. त्यावरचा गंज हीच वयाची साक्ष असते. तलवार देताना काढलेल्या फोटोंत (पावतीवर नोंद आहे) हा गंज काळपट तपकिरी आणि गुळगुळीत दिसतो. आता तिथे उघडे लोखंड चकाकते आहे आणि कडेने नारिंगी गंज धरू लागला आहे. नाकागोवर कोरलेली कारागिराची सही मूळची की मागाहून कोरलेली, हे ठरवताना अक्षरांच्या खाचांतला गंज आजूबाजूच्या गंजाशी ताडून पाहतात, छिन्नीने उचललेली कड बोटाला लागते का तेही बघतात. दोन्ही पुरावे ब्रशखाली गेले. कारागिराने मारलेल्या कानशीच्या रेघाही एका बाजूने पुसट झाल्या आहेत.

एवढे करून प्रमाणपत्र उभे आहे ते सहीवरच. 'त्सुदा सुकेहिरो, ओसाका, कानबुन १२ (१६७२)', म्हणजे कारागिराचे नाव, गाव आणि जपानी कालगणनेतले वर्ष, असे वाचून आपण पाते अस्सल ठरवले. सुकेहिरोच्या सहीची नक्कल फार झाली आहे. शिवाय या पात्यावरची सही गोलाईदार अक्षरांत आहे आणि सुकेहिरो तशी सही करू लागला १६७४ पासून. त्याआधीची अक्षरे कोनदार. तारीख आणि अक्षर एकमेकांना खोटे पाडतात, हे जपानी सह्यांचे साधे कोष्टक उघडले असते तरी दिसले असते. नावावरून पाते ओळखू नये, हे आपल्याकडच्या फिरंगा (युरोपीय पात्याच्या तलवारी) हाताळणाऱ्यांना सांगावे लागत नाही. 'आंद्रेआ फेरारा' हे इटालियन कारागिराचे नाव किती पात्यांवर सापडते!

जपानमध्ये परीक्षणाच्या सरावासाठी नाकागो झाकून पाते हातात देतात. आधी घडण आणि बाक, मग पोलादाचा पोत, मग हामोन (धारेलगत कडक केलेल्या पोलादाची नक्षी), मग टोकाकडची त्याची ठेवण. आपल्या अहवालात पोताबद्दल अक्षर नाही, टोकाबद्दलही नाही. हामोन 'लाटांसारखा' एवढेच. दिव्याखाली तिरके धरून त्यात निएचे चमकते कण दिसले की नाही, हे लिहिलेले नाही. आम्लाने उठवलेला खोटा हामोन ओळखायला आधी तेच बघतात.

लांबी '७७ सें.मी., कताना (लांब तलवार)' अशी दिली आहे. ती नाकागोसकट मोजली आहे. टोकापासून पाठीकडच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजल्यास ५८.२ सें.मी., म्हणजे जपानी मापात १ शाकु ९ सुन २ बु भरते. २ शाकुंच्या (६०.६ सें.मी.) आतले पाते वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार. किंमत इथेच बदलते.

मुठीतली बांबूची खुंटी हरवून तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकला आहे. तो भोक रुंदावतो आणि ओल धरून गंज चढवतो.

'तोक्योच्या होझोन प्रमाणपत्राच्या तोडीचे' हे वाक्य तर काढूनच टाका. होझोन हा निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या संस्थेचा दर्जा आहे, तिचे परीक्षक पाते हातात घेऊन देतात. खोट्या सहीच्या पात्याला तो मिळत नाही. सही खोटी असली तरी पाते दुसऱ्या चांगल्या कारागिराचे असू शकते. त्याचा माग नाकागोवरून काढता आला असता.

मागण्या अशा : परीक्षण शुल्क पूर्ण परत करावे, प्रमाणपत्र लेखी रद्द करावे, ब्रश फिरवण्यापूर्वी आपण काढलेले सर्व फोटो मूळ स्वरूपात द्यावेत आणि नुकसानभरपाईचा प्रस्ताव पाठवावा. दुरुस्ती म्हणून रसायनाने गंज चढवून देण्याची तयारी आपल्या कर्मचाऱ्याने फोनवर दाखवली. ती नको, त्याने उरलेसुरलेही जाईल. १५ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करेन.

आपला ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, आधीचे व नंतरचे फोटो, प्रमाणपत्राची प्रत