समुद्र बघायला जपानला कशाला?

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

"समुद्र बघायला जपानला कशाला? तो तर आपल्या परसात आहे," असं बाबा फोनवर म्हणाले आणि आईनेही लगेच त्यांची री ओढली. म्हणून जरा सविस्तर लिहिते. टोकियो, फुजी काय, सगळेच दाखवतात. मला तुम्हाला क्योतोच्या उत्तरेला, तांगो द्वीपकल्पावर न्यायचंय.

बाबा, हर्णैला ओट्यावर बसून तुम्ही तिथीवरून भरतीची वेळ सांगता ना, ती विद्या इथे चालायची नाही! तांगोला लागलेला 'जपानचा समुद्र' (सी ऑफ जपान) महासागराला अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांनी जोडलेला आहे, त्यामुळे भरतीचं पाणी आत फारसं शिरतच नाही. आपल्याकडे उधाणाला आठ-दहा फुटांचा फरक पडतो, इथे फार तर दीड-दोन फूट. म्हणूनच इने नावाच्या गावात कोळ्यांनी पाण्याला खेटून घरं बांधलीत. ५ किलोमीटरच्या काठाने अशी २३०च्या आसपास. त्यांना फुनाया म्हणतात. खाली होडी ओढून घ्यायला उतरती फरशी, वर माळ्यावर जाळी नि सामान. आता होड्या मोठ्या झाल्या, त्या बाहेरच बांधतात. काही घरांत पाहुणे ठेवतात, आपण तिथेच उतरू. पाठीशी डोंगर, आणि खाडीच्या तोंडाशी आओशिमा बेट लाटा अडवायला उभं.

मला सगळ्यात आवडलं ते घरापुढचं पाणी. तिथे दोरीला बांधून सापळा सोडलेला असतो, आत आमिष म्हणून माशांची डोकी-काटे. जेवणापुरते मासे दारातच! खाडीतून फेरीची बोट निघते, तिच्यावर सीगल घिरट्या घालतात. पण घारीही असतात, तेव्हा आईने हातातला खाऊ सांभाळायचा.

इनेला जायच्या वाटेवर आमानोहाशिदाते. समुद्रात ३.६ किलोमीटर लांब वाळूचा पट्टा, वर हजारो पाइनची झाडं. मोटारींना बंदी, त्यामुळे निवांत चालता येतं. गुडघे कुरकुरले तर अर्ध्यातून परत फिरू. समोरच्या डोंगरावर केबलकार जाते, चढायचं काम नाही. वरून लोक वाकून पायांमधून उलटं बघतात, म्हणजे तो पट्टा आभाळाला टेकवलेल्या पुलासारखा दिसतो. हा प्रकार बाबांनी करावा, आईने फोटो काढावेत. पट्ट्याच्या दक्षिण टोकाशी चिओनजी देऊळ आहे, तिथे मंजुश्री, म्हणजे बुद्धीचा बोधिसत्त्व. परीक्षेआधी मुलं येतात. भविष्याच्या चिठ्ठ्या छोट्या पंख्यांच्या आकाराच्या, आणि त्या पाइनच्या फांद्यांना टांगतात.

वेळ उरला तर कोतोहिकिहामाचा किनारा. तिथली वाळू पाय घासला की कुईकुई वाजते. वाळूला घाण लागली की आवाज जातो, म्हणून किनाऱ्यावर सिगारेट ओढायला मनाई आहे. (बाबा, ऐकताय ना?)

हिवाळ्यात नको, बर्फ पडतो. तिथे म्हणच आहे, जेवणाचा डबा विसर पण छत्री विसरू नको. मे महिन्यात आंबा सोडून बाबा हलणार नाहीत. तेव्हा ऑक्टोबर ठरवू. भातकापणी यंदा काकांवर सोपवा. क्योतोहून आगगाडीने दोन तास, पुढे इनेपर्यंत बस तासभर.

पासपोर्टची मुदत बघून कळवा, म्हणजे व्हिसाचे कागद पाठवते. आईच्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

तुमची,
मनू