फलकावर दोन नावं हवीत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ११ एप्रिलच्या प्रदर्शनाचा मजकूर दोनदा वाचला. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना सोडवण्यासाठी झटणाऱ्या ज्या सज्जनांना अर्पण केली, ते नावागावानिशी दाखवायचे, ही कल्पना मनापासून आवडली. ओहायोतलं रिप्ली हे गावही योग्य निवडलंस. पण सगळा फलक जॉन रँकिन आणि गुलामीतून निसटणाऱ्यांना खूण म्हणून त्यांच्या खिडकीत लावलेल्या दिव्यानं व्यापलाय. त्यात जॉन पार्कर नाहीत, हे मला फार खटकलं.

रँकिन धर्मोपदेशक. १८२२ साली रिप्लीत आले. टेकडीवरचं त्यांचं घर ओहायो नदीपलीकडच्या केंटकी राज्यातून दिसे. केंटकीत गुलामी कायदेशीर, ओहायोत बंद. पण दिवा दिसला तरी मधली नदी कोण ओलांडून देणार?

ते काम पार्कर करत. स्वतः गुलामीत जन्मलेले, आठव्या वर्षी विकले गेलेले. १८४५ साली १,८०० डॉलर भरून त्यांनी स्वतःला सोडवलं. पुढे रिप्लीत लोखंडाचा ओतकारखाना काढला. रात्री होडीनं केंटकीत शिरून माणसं अलीकडे आणत. पकडले गेले असते तर रँकिनना दंड, तुरुंग. पार्करना मात्र पुन्हा गुलामीची भीती. हा फरक मजकुरात स्पष्ट यायला हवा.

नकाशातला बाण तू रिप्लीतच थांबवलास, तो पुढे ने: ओहायोतलीच रेड ओक आणि सार्डिनिया ही गावं, मग उत्तरेला ईरी सरोवर आणि पलीकडे कॅनडा. निसटलेल्यांना पकडून मालकाकडे परत देण्याच्या १८५० च्या कायद्यानं ओहायोतूनही माणूस धरून नेता येई आणि मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद होती. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस परत पाठवला तर १० डॉलर मिळत, सोडला तर ५. ही एक ओळ ठळक छाप. कायदा कुणाच्या बाजूचा होता ते तीच सांगते.

आकडे घालताना जप. पार्करनी सोडवलेल्यांची नावं आणि तारखा वहीत टिपल्या होत्या. हा कायदा झाला तेव्हा नोंद ३१५ वर गेली होती, आणि ती वही त्यांनी स्वतःच्या भट्टीत टाकली. सापडली असती तर कारखाना गेला असता आणि सुटलेल्यांचा मागही लागला असता. ३१५ हा त्यांनी म्हातारपणी सांगितलेला आकडा आहे, तसं लिही. निसटणाऱ्यांना वाट सांगणाऱ्या गोधडीवरच्या गुप्त खुणांचा परिच्छेद काढच; त्याला त्या काळचा पुरावा नाही. ‘भूमिगत रेल्वे’च्या खाली लगेच लिही की ही निसटणाऱ्यांना मदत करणाऱ्या माणसांची गुप्त साखळी होती, यात आगगाडी नव्हती, बोगदाही नव्हता, नाहीतर मुलं रूळच शोधत बसतील.

नदीचा आजचा फोटो लावशील तर खाली एक टीप हवी. आता धरणांमुळे पाणी फुगलेलं असतं. तेव्हा उन्हाळ्यात नदी उथळ होई आणि कडक थंडीत गोठे. १८३८ च्या हिवाळ्यात एक आई तान्ह्या मुलाला घेऊन विरघळत्या बर्फावरून रँकिनांच्या घरी पोचली. तिला बोलवायला कुणी गेलं नव्हतं, ती आपल्या हिमतीवर निघाली होती. म्हणून पहिला फलक तिचा असू दे, मग पार्कर, मग रँकिन.

दुरुस्त मजकूर छपाईला देण्याआधी एकदा पाठव. ‘पळालेले गुलाम’ जिथे जिथे आहे तिथे ‘निसटून आलेली माणसं’ कर.

तुझा मित्र