त्या बावीस मिनिटांबद्दल

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. आपली ओळख एका फोनपुरती, तीही मित्राच्या मित्राने नंबर दिला म्हणून झालेली. पण आभार मानल्याशिवाय चैन पडेना.

चार महिने माझा कॉम्प्युटर गेम खेळताना गचके खात होता. सुरुवातीला सगळं लोण्यासारखं चालायचं आणि मग नेमकं वळणावर चित्र थिजायचं. क्षणभरच, पण गाडी कठड्यावर आदळायला तेवढं पुरतं. तुमच्याआधी तिघांनी बघितलं. पहिल्याने विंडोज नव्याने टाकून दिलं, त्यात माझे जुने फोटो गेले. दुसऱ्याने ग्राफिक्स कार्ड बदलायला लावलं. ते बदललं, तर गचके उलट आणखी लवकर बसायला लागले! तिसऱ्याने पाच मिनिटं गेम चालवला, कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात त्याचा, आकडा दाखवला आणि म्हणाला, "साठ एफपीएस येतायत, अजून काय हवंय? गेमच तर आहे." हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. गेमच आहे, खरंय. पण लांब राहणाऱ्या धाकट्या भावाशी माझं जे काही बोलणं होतं, ते रात्री त्या तासाभराच्या शर्यतीतच होतं. हे त्याला कोण सांगणार?

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो वेगळाच होता: "सुरू केल्यापासून किती वेळाने अडकतो?" मी म्हटलं, वीसेक मिनिटांनी. "मग खेळा. मी लाइनवर आहे."

आणि तुम्ही खरोखर थांबलात. मी खेळत होतो, मधूनमधून प्रोसेसरचं तापमान वाचून दाखवत होतो. एकोणसत्तर, अठ्ठ्याहत्तर, शहाऐंशी. पलीकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती. मध्येच एका लहान मुलाने तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही हळूच म्हणालात, "थांब रे, काम चाललंय."

काम! माझ्या गेमला आजवर कोणी काम म्हटलं नव्हतं. (घरचे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.) त्या दोन शब्दांनी माझा घसा दाटला, हे तेव्हा सांगायची लाज वाटली.

बाविसाव्या मिनिटाला शंभर अंश दिसले आणि पाठोपाठ गचका. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आता प्रोसेसरचा वेग वाचा." चार गिगाहर्ट्झच्या आसपास असणारा आकडा दोनच्याही खाली आला होता. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करत होता, आणि तो बिचारा बरोबरच वागत होता. साठ एफपीएस म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. मधलीच एखादी फ्रेम दीडशे मिलिसेकंद रेंगाळली तर डोळ्यांना ती टोचते आणि सरासरीत मात्र दिसतसुद्धा नाही, हे तुम्ही समजावलंत तेव्हा तिसऱ्या तज्ज्ञाचा तो आकडा आठवून मला हसू आलं. नवीन कार्डाचं कोडंही सुटलं. तगडं कार्ड प्रोसेसरकडे जास्त फ्रेम मागतं, मग तो आणखी लवकर तापतो.

पुढचं काय लिहू? कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरला थंड ठेवणाऱ्या कूलरच्या चार पिनांपैकी एक अर्धवट निघालेली, कूलर एका कोपऱ्यातून किंचित उचललेला आणि प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी खालची पेस्ट खडूसारखी वाळलेली. तिघांपैकी एकानेही तिथे बोट लावून पाहिलं नव्हतं. पैशांबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अहो, पिन तर तुम्ही बसवलीत."

हुशार माणसं खूप भेटतात. समोरच्याचं दुखणं उमटेपर्यंत गप्प बसून वाट बघणारी कमी. तिघांपैकी कोणी वाईट नव्हतं, नुसती घाई होती त्यांना. तरी फोटोंचा राग अजून आहे, तो राहू दे.

काल रात्री दोन तास खेळलो. तापमान बहात्तरच्या वर गेलं नाही. भावाने तीन शर्यती जिंकल्या, आणि पहिल्यांदाच मला दोष कॉम्प्युटरवर ढकलता आला नाही.

तुमचा,
कूलरची पिन आता रोज तपासणारा