विन्याला, त्या गाण्याबद्दल

अकोला,
रविवार, संध्याकाळ

प्रिय विन्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर आपण दोघं तब्येत, पाऊस आणि पोरांच्या नोकऱ्या यांच्यापुढे सरकत नाही. म्हणून पत्र. अक्षर लागलं नाही तर सूनबाईकडून वाचून घेऊ नकोस, चष्मा बदल.

आमच्या कॉलनीत महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण जमतो. एकेकानं एक कविता वाचायची, मग चहा. या खेपेला एका बाईंनी कवी अनिलांची ‘अजुनी रुसून आहे’ वाचली. गायली नाही, नुसती वाचली. कुमार गंधर्वांनी गायलेल्या गाण्याची इतकी सवय की कोरे शब्द ऐकताना अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं झालं. वाचून संपली आणि चहाची आठवण कोणालाच राहिली नाही. आमच्या मंडळात हे आक्रीतच.

वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, एरवी बोलतात ते लोडशेडिंगबद्दल. ते उठून गॅलरीत गेले. परत आले ते घसा खाकरत, “बायकोच्या देहाजवळ बसून लिहिली आहे ही.” ती गोष्ट तुझ्याही कानावर आली असेलच: कुसुमावती गेल्या, आणि अनिल म्हणतात, ती रुसली आहे. लगेच एक प्राध्यापक सरसावले. कविता त्यांच्या हयातीतलीच, साधा घरातला रुसवा आहे, मरण लोकांनी मागाहून चिकटवलं, असं त्यांचं म्हणणं. दोघांची चांगलीच जुंपली. तेवढ्यात कोणाची तरी भाची, बीएस्सीला आहे, बहुधा कचोरीसाठी आलेली, मोबाइलकडे बघत म्हणाली, “शेवटचा मेसेज माझाच आहे. दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही.” कोणाचा, कधीचा, कोणी विचारलं नाही. आणि आतून चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या यजमानीणबाई म्हणाल्या, “पण जी रुसली तिला बोलू कोणी दिलं? सगळी कविता त्याचीच बडबड.” आम्ही हसलो. मला घरी येईपर्यंत ते वाक्य चावत राहिलं.

रात्री कविता काढून बसलो. अरे, अख्ख्या कवितेत मरणाचा शब्द नाही. मिटलेले ओठ आहेत, पण रुसलेल्याचेही ओठ मिटतातच. समजूत काढावी म्हणून रुसायचं, हस म्हटलं की रडता रडता हसायचं, हा दोघांचा ठरलेला खेळ. ‘ते आज का नसावे?’ एवढाच त्याचा प्रश्न. मग ती मिठाची भावली. सागरात विरून जाऊ हे जाणून ती लांब उभी आहे. बोलले तर फुटेन, या भीतीनं न बोलणारी बाई मी पाहिली आहे, तूही. आणि शेवटी त्याला शंका येते की हा डावच असेल, माझ्या मनाचा ठाव घ्यायला धरलेला. मेलेल्या माणसाबद्दल अशी शंका येत नाही. तेव्हा वकिली करायची तर मी प्राध्यापकांकडून उभा राहीन.

पण गॅलरीत गेलेल्या माणसाला खोटं कसं म्हणू? कुसुमावती 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या मानाच्या पहिल्या स्त्री, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेल्या. अनिल त्यानंतर वीसेक वर्षं होते. दोघांची पत्रं ‘कुसुमानिल’ म्हणून 1972 साली छापून आली. एवढं ठाऊक असलेला वाचक त्या ओळींशी आला की तारीख बघत बसत नाही. त्याला उत्तर न देणारा चेहरा दिसतो, आणि चेहरा ज्याचा त्याचा असतो. मूर्तिजापूर या अनिलांच्या गावी आपण शकुंतलेत, त्या छोट्या रेल्वेगाडीत, बसून किती वेळा गेलो, विन्या, तेव्हा आपल्याला त्या कवितेत फक्त मुलगी दिसायची. तुला तर एकच.

आता खरं कारण लिहितो. वहिनींचं तेरावं झालं त्या रात्री मी तुला हेच गाणं पाठवलं. आपल्या दोघांचं आवडतं, तुला बरं वाटेल, असं धरून. तू काही लिहिलं नाहीस. पुढे आठ महिने तू धड बोललाच नाहीस आणि मी मनात म्हणत होतो, विन्याचं काय बिनसलं? थोडा रागही धरला, खोटं कशाला बोलू. परवा त्या पोरीनं निळ्या खुणांचं सांगितलं आणि मला दवाखान्यातला बाक आठवला. तू चप्पल घालायची विसरला होतास. भिंतीकडे बघत म्हणाला होतास, “दोन दिवस बोलत नव्हतो रे आम्ही.”

मला गाणं आठवलं, तुझं वाक्य आठवलं नाही. ते आठवलं असतं तर ते गाणं तुला पाठवायचा हात धजला नसता.

माफी मागायची आपल्यात पद्धत नाही, तरी मागतो. शुक्रवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघतोय, तिकीट काढलं आहे. पुण्याला स्टेशनवर येऊ नकोस, मी रिक्षानं येईन. तूरडाळ आणतो आहे, तुमच्याकडची शिजत नाही. गाणं लावायचं नाही. वहिनी कशावरून रुसल्या होत्या ते सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर पत्ते खेळू.

तुझा,
मध्या