पाणी दिवस मोजून नव्हे, माती पाहून द्यावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातील झाडांविषयीच्या लेखांत ‘आठवड्यातून दोनदा पाणी घाला’ असा सल्ला सर्रास दिलेला असतो. तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु कुंडीतली कितीतरी झाडे हा नेम काटेकोरपणे पाळल्यामुळेच दगावतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि ती कुजू लागतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही, त्यामुळे माती ओलीचिंब असूनही पाने मलूल होतात, आणि ती तहानेची खूण समजून आपण आणखी पाणी ओततो. घात होतो तो इथे. पान मलूल दिसले तर आधी मातीला हात लावून पाहावा, एवढे जरी वाचकांपर्यंत पोहोचले, तरी पुष्कळ झाडे वाचतील असे मला मनापासून वाटते.

झाडाला पाणी किती लागेल, हे बऱ्याच अंशी प्रकाशावर ठरते. भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात तो अनेकदा १०० ते २०० लक्सही भरत नाही. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून ही तफावत जाणवत नाही, झाडाला मात्र ती जाणवते. त्यामुळे खिडकीतल्या मनी प्लांटचा नेम कोपऱ्यातल्या मनी प्लांटला लागू पडत नाही. स्नेक प्लांट पानांत आणि झेडझेड प्लांट मातीखालच्या गाठींत पाणी साठवून ठेवतो. त्यांची माती पूर्ण वाळू द्यावी. पीस लिलीला एवढी कोरड सोसत नाही.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडी घालण्याचा सल्लाही आता थांबायला हवा. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते वरच अडते आणि ओलीचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. तळाला भोक आणि भुसभुशीत माती पुरेशी असते.

आपल्या पुरवणीत यापुढे दिवसांच्या आकड्याऐवजी मातीची परीक्षा छापावी, ही विनंती. बोट दोन-तीन सेंटिमीटर खुपसून माती कोरडी लागली, तरच बहुतेक झाडांना तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे, आणि ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे.

आपली विश्वासू,
एक वाचक