बाबा, त्या दिवशी मी ‘हो’ म्हणाले

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, “ही जाळी बसवली की आजार जाईल ना?” आणि मी पटकन ‘हो’ म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून मला चैन नाही. बाबा, ते खरं नव्हतं. ही जाळी, म्हणजे स्टेंट, आतड्यातली बंद झालेली वाट फक्त उघडते. तिने आजार जाणार नाही. फोनवर हे बोलायला गेले की मला रडू येतं, मग आई फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाते आणि हळूच म्हणते, “त्यांना नको काही सांगूस.” आई, तुझा जीव किती तुटतो ते मला कळतं. पण ज्यांच्या पोटात जाळी बसवायची त्यांनाच ती कशासाठी हे माहीत नसावं, हे मला पटत नाही. म्हणून पत्र दोघांच्या नावाने लिहितेय. दोघांनी शेजारी बसून वाचा.

मागच्या खेपेला मी आले होते, तेव्हा सकाळी सातला प्यालेलं दूध बाबांनी संध्याकाळी सहाला ओकून टाकलं. अकरा तास ते पोटात तसंच होतं. आई भांडं धरून उभी होती आणि “पित्त झालंय” म्हणत होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बाबांना कमरेला धरून जरासं हलवलं, तर आत पाणी डुचमळल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. स्वादुपिंडाची गाठ वाढून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला दाबतेय. जठरातून पुढे जायची वाटच बंद आहे, मग खाल्लेलं साचतं आणि शेवटी वर येतं. आई, तू काय शिजवलंस, किती वाजता दिलंस, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तू उगाच स्वतःला दोष देत राहतेस.

आता जाळीबद्दल. बाबा, तुमचं सगळं आयुष्य लेथवर गेलं, त्यामुळे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. डॉक्टरांनी नमुन्याची एक जाळी माझ्या तळहातावर ठेवली. केसासारख्या तारांची विणलेली नळी, वजन जाणवतही नाही. मी चिमटीत दाबली तर चपटी झाली, सोडली तर लगेच गोल. निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ निम्मं-निम्मं असलेला हा मिश्रधातू, नाव नितिनॉल. दोन्ही धातूंची आद्याक्षरं आणि अमेरिकेच्या नौदलाच्या ज्या प्रयोगशाळेत तो सापडला तिची आद्याक्षरं मिळून हे नाव झालंय. दाबून साधारण तीन मिलिमीटरच्या नळीत बसवतात आणि आत सोडली की एक-दोन दिवसांत हळूहळू वीस-बावीस मिलिमीटरपर्यंत फुलते. ते पाहताना मला सारखं वाटत होतं, हे बाबांनी हातात घेऊन बघायला हवं होतं. मी विचारून ठेवलंय, ते तुम्हालाही दाखवतील.

तशी तुमच्या अंगात एक जाळी आहेच. काविळीच्या वेळी पित्तनलिकेत बसवली ती. आठ दिवसांत खाज थांबली आणि तुम्ही रात्री झोपायला लागलात, आठवतं? तेव्हाही गाठ जिथे होती तिथेच होती, फक्त पित्ताला वाट मिळाली. हेही तसंच. पित्ताची जाळी आधी बसली हे बरंच झालं, कारण पित्तनलिकेचं तोंड आतड्याच्या त्याच भागात उघडतं आणि आतड्यात जाळी बसल्यावर तिथवर दुर्बीण पोचवणं अवघड होतं.

आता जे सांगायला मी घाबरत होते ते. या अडथळ्यावर शस्त्रक्रियेचाही उपाय असतो. जठर थेट पुढच्या आतड्याला जोडतात आणि गाठीला वळसा घालून वाट काढतात. नेदरलँड्समध्ये दोन्ही उपायांची तुलना केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण फक्त 39 होते, पण डॉक्टर अजून त्याचा आधार घेतात. जाळीवाले लवकर जेवायला लागले, साधारण पाच दिवसांत, शस्त्रक्रियावाले आठ दिवसांत. पण पुढे दिवस गेले तसा शस्त्रक्रियेचा आराम जास्त टिकला. म्हणून ज्यांच्या हाताशी दोन महिन्यांहून जास्त वेळ आहे आणि ज्यांना ऑपरेशन झेपेल, त्यांना शस्त्रक्रिया बरी, असं त्या अभ्यासकांनी म्हटलं. मग मी डॉक्टरांना सरळ विचारलं, “बाबांना जाळीच का सांगताय?” ते थोडं थांबले आणि म्हणाले, “त्यांच्यात ऑपरेशनची ताकद राहिलेली नाही. आणि जो वेळ आहे त्यातले दिवस टाके भरून येण्यात जाऊ नयेत असं मला वाटतं.” नेमका किती वेळ, हे मी विचारलं नाही. बाबा, तुम्हाला विचारायचं असेल तर तुम्ही विचारा. मी शेजारी बसेन, मध्ये बोलणार नाही.

प्रत्यक्ष प्रक्रिया मोठी नाही. पोट साचलेलं असल्यामुळे आधी नाकातून नळी घालून ते रिकामं करतील. नाही केलं तर गुंगीत ते सगळं छातीत उतरायची भीती असते. ती नळी तुम्हाला नकोशी वाटेल, पण तिला नाही म्हणू नका. मग गुंगीचं इंजेक्शन, तोंडातून दुर्बीण, एक्स-रेच्या पडद्यावर बघत अरुंद जागेतून एक तार पलीकडे आणि त्या तारेवरून जाळी. कुठे चिरायचं नाही. धोके आहेतच, थोड्यांच्या बाबतीत का होईना: रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला भोक पडू शकतं, जाळी सरकू शकते. पुढे कधी गाठ जाळीच्या भोकांतून आत वाढून वाट पुन्हा बंद करू शकते. तसं झालं तर बहुतेकदा पहिलीच्या आत दुसरी जाळी बसवता येते.

आई, यापुढचं तुझ्यासाठी. आधी पाणी, मग पातळ, मग मऊ, या क्रमाने आणि डॉक्टर सांगतील त्या वेगाने. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. बाबांनी ताठ बसून, भरपूर चावून खायचं आणि खाल्ल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. पालेभाज्यांच्या शिरा, फळांच्या साली, चिवट काहीही नको, ते जाळीत अडकतं. पुन्हा उलट्या सुरू झाल्या, पोटात जोराची कळ आली, शौचाला काळं झालं, थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोनला असलं तरी आधी डॉक्टरांना आणि मग मला फोन कर.

आणि एक अवघड गोष्ट. जाळीने वाट उघडेल, पण भूक येईलच असं नाही. हा आजारच भूक मारतो. बाबांनी चार चमचे खाऊन तोंड फिरवलं तर तो तुझ्यावरचा राग नसतो आणि त्यांचा हट्टही नसतो. तू वहीत चमचे मोजून लिहितेस, ते पान पाहून मला भरून आलं होतं. पण पाचव्या चमच्यासाठी गळ घालू नकोस. त्यापेक्षा त्यांच्याजवळ बस. मला वाटतं, भांडं धरून उभं राहण्यातच तुमचे कितीतरी दिवस गेले. निदान ते तरी थांबावं, एवढ्याचसाठी मी या जाळीच्या बाजूची आहे.

पण निर्णय बाबांचा. बाबा, तुम्ही नको म्हणालात तर कोणी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. उलट्या आणि स्राव कमी करणारी औषधं आहेत. पोटावरून बारीक नळी घालून साचलेलं बाहेर काढायची सोय करता येते. दुखण्यावरची औषधं तर दोन्हीकडे चालूच राहतील. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करायला बघणाऱ्या, डॉक्टरीणबाई दर आठवड्याला येणार आहेत, जाळी बसवा किंवा नको बसवा. दादाशीही मी बोललेय. त्याला आधी राग आला, “काहीतरी मोठं करायला हवं” म्हणाला. मग रात्री पुन्हा त्याचाच फोन आला, “बाबा काय म्हणतात ते बघू.”

मी रजा टाकली आहे. तुम्ही हो म्हणालात तर प्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी येईन, नाही म्हणालात तरी त्याच गाडीने येईन. तोवर मनात येतील ते प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

पत्र वाचून झालं की फोन करा. आई, या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊ नकोस. फोन स्पीकरवर टाक.

तुमची,
लेक