डिसेक्शन हॉल पुन्हा एकदा दाखवा

मा. संपादक,

आंबा काढणी सुरू झाली की आमच्याकडे झाडावरून पडलेले रुग्ण वाढतात. माड-पोफळीवरून पडणारे तर बारा महिने. टाचांवर पडलेला माणूस टाचच दाखवतो आणि इंटर्न पायाचाच एक्स-रे सांगतो. तोच दणका खुब्यातून कमरेच्या मणक्यापर्यंत चढतो, हे त्याने परीक्षेत लिहिलेले असते. पाठीवरून हात फिरवून बघणे मात्र सुचत नाही. पोरे हुशार आहेत, शिकवण्याची घडी चुकली आहे.

1997 च्या नियमांनी एमबीबीएसचे दीड वर्षाचे पहिले वर्ष एका वर्षावर आणले. शरीररचनाशास्त्र तिथेच आटोपते. अस्थिरोगाचा निवासी डॉक्टर चाकू धरतो तेव्हा डिसेक्शन, म्हणजे मृतदेह उघडून शिकणे, सुटून बरीच वर्षे लोटलेली असतात. शिवाय तेव्हा पाठ केलेल्या असतात स्नायूंच्या, रक्तवाहिन्यांच्या, नसांच्या याद्या. ऑपरेशनच्या टेबलावर प्रश्न वेगळाच येतो: इथून आत शिरलो तर वाटेत काय लागेल? कोपराखाली पुढच्या बाजूने रेडिअसच्या हाडाकडे जाताना हात उताणा ठेवायचा, म्हणजे बोटे सरळ करणारी नस वाटेतून बाजूला सरकते. मागून जायचे तर हात पालथा. पुस्तकात ही जेमतेम एक ओळ. नस उघडी करून, हात फिरवून एकदा पाहिली की डोक्यात पक्की बसते.

देह टिकवायच्या फॉर्मॅलिनने ताठरलेला हात नीट फिरत नाही, ही अडचण खरी. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थील यांनी सांधे मऊ राखणारी पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध केली. ती खर्चिक आहे, तरी वर्षाला एखादा देह तसा राखायला हरकत नसावी. पडद्यावर शरीर उलगडून दाखवणारी थ्रीडी टेबले दिसायला झकास, पण नस किती ताण सोसते हे बोटालाच कळते.

अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आता कोकणात आहेत. अस्थिरोग विभागात येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला आणि निवासी डॉक्टरला तिथे आधी आठवडाभर डिसेक्शन हॉलमध्ये धाडावे. शरीररचनेचे शिक्षक आणि सर्जन एकाच टेबलाशी उभे हवेत. एरवी दोघांची गाठ पडते ती परीक्षेला नाहीतर स्नेहसंमेलनाला.

अर्थात त्यासाठी देह हवेत. माझ्या ओळखीतल्या काहींनी देहदानाचे फॉर्म भरून ठेवले आहेत. पण मध्यरात्री फोन कुणाला करायचा आणि भर पावसात गाडी कोण पाठवणार, हे त्यांच्या मुलांना ठाऊक नाही. महाविद्यालयांनी तो नंबर निदान प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, कणकवली